नऊ भोकांची फळी

मित्रांनो, एक पत्र बरेच दिवस माझ्याखाली दबून पडले होते. टपालाने आले, वाचले गेले, घडी घालून माझ्याखाली सरकवले गेले आणि तिथेच राहिले. ज्यांना ते आले होते ते रोज माझ्यासमोर बसत. पण मला बाजूला सारून ते पत्र पुन्हा हातात घ्यायचे धैर्य त्यांना होत नव्हते.

त्या पत्राची गोष्ट सांगायची, तर आधी माझी सांगावी लागेल. ती मला नीट सांगता येईल की नाही, याची मला शंका आहे. मी एक जुनी लाकडी फळी आहे. अंगावर नऊ भोके आणि सोबतीला त्यांत बसणाऱ्या नऊ खुंट्या, एवढेच माझे वैभव.

माझा जन्म एका मोठ्या दवाखान्याच्या सुतारखोलीत झाला. वॉर्डाचे दार करून उरलेला मी तुकडा. एक दिवस हृदयाच्या डॉक्टरीणबाई एक भलामोठा कागद घेऊन तिथे आल्या. त्यावर मोजमापांसह माझे चित्र होते.

"एवढ्याशा फळीला एवढा कागद?" सुतारकाका हसले.

पण त्यांनी केलेली पहिली फळी बाईंनी परत पाठवली. तिच्या एका भोकात खुंटी जरा घट्ट जात होती.

"भोकं अगदी सारखी हवीत हो, काका. नाहीतर अडखळलं ते बोट की भोक, हे मला कळायचं कसं?"

"मंत्र्याच्या टेबलालाही कुणी इतकं निरखत नाही," काका पुटपुटले. पण पुटपुटत का होईना, त्यांनी मला आणि माझ्या जुळ्या बहिणींना अगदी बिनचूक घडवले.

आता माझे काम काय, ते सांगते. आपल्या हृदयात झडपा असतात, उघडमीट करणाऱ्या दारांसारख्या. म्हातारपणी एखादी झडप कडक होते आणि पुरती उघडेनाशी होते. मग जिना चढताना धाप लागते, डोळ्यांपुढे अंधारी येते. अशा माणसाच्या मांडीतल्या रक्तवाहिनीतून एक बारीक नळी हृदयापर्यंत नेतात आणि तिथे नवी झडप बसवतात. माणूस पुन्हा हिंडू-फिरू लागतो. पण कधी कधी जुन्या झडपेचा एखादा कण सुटतो, रक्ताबरोबर मेंदूत जातो आणि तिथे अडकून बसतो. मग हृदय सुधारते, पण हाताची एखादी कला जाते, नाहीतर ओठांवरचा शब्द हरवतो.

बाईंना एकच प्रश्न पडला होता. झडप बसवताना मेंदूकडे जाणाऱ्या वाटेवर तेवढ्यापुरती एक इवलीशी जाळी धरली, तर हे कण अडतील का? खरोखर अडतील, की अडतात असे आपल्याला नुसते वाटेल? म्हणून चिठ्ठ्या टाकून काही रुग्णांना जाळी लावायची, काहींना नाही, असे ठरले. कुणाला लावली ते रुग्णालाही सांगायचे नाही आणि तपासणाऱ्या परिचारिकेलाही नाही. झडप बसवण्याआधी हात कसा चालत होता आणि वर्षाने कसा चालतो, ते माझ्यावर खुंट्या लावून पाहायचे.

किती हात माझ्यावर फिरले! शिंप्याचे, शिक्षिकेचे, गवंड्याचे, सतार जुळवणाऱ्याचे. बाई मात्र तपासणीच्या वेळी खोलीत थांबत नसत. दाराबाहेर उभ्या राहत.

"मी समोर असले की लोक मला बरं वाटावं म्हणून जोर लावतात," त्या म्हणायच्या. "मला त्यांचा जोर नकोय, हात हवाय."

साऱ्या वॉर्डाने त्यांचे नाव मोजणीबाई ठेवले होते. त्यांच्या कानावर ते गेले, तेव्हा त्या लाजल्या आणि खूशही झाल्या. मलाही त्यांचा फार अभिमान वाटे. एकदा त्यांच्या हाताखालचा डॉक्टर म्हणाला, "मॅडम, वर्षाने तपासणीला जे फिरकलेच नाहीत त्यांना सोडून देऊ या की. आलेल्यांचे हात बघा, निकाल काय सुंदर दिसतोय."

"म्हणूनच भीती वाटते," बाई म्हणाल्या. "ज्याचा हात चालत नाही, तो आपल्याला हात दाखवायला येईल कशाला? सगळे चांगले चांगले आले आणि बाकीचे घरी बसले, तर आपण आपलीच फसवणूक करू. आणि मग पुढच्या माणसाला काय सांगू?"

त्याच सुमारास माझ्यासमोर एक पुस्तकबांधणी करणारे गृहस्थ येऊन बसले. त्यांना सगळे बाइंडरकाका म्हणत. त्यांना दोन पावले चालले की धाप लागत होती, पण त्यांची बोटे! मी इतकी बोटे पाहिली, पण तशी नाही. खुंट्या भोकांत जाऊन बसल्या तेव्हा मला स्पर्शसुद्धा जाणवला नाही.

पुढे माझे दिवस फिरले. बाईंनी एकदा आम्हा बहिणींना पुन्हा मोजले आणि मला बाजूला काढले. "हिची भोकं झिजून सैल झालीत. हिच्यावर माणूस आहे त्यापेक्षा बरा दिसेल." ज्यांनी मला एवढ्या हौसेने घडवून घेतले, त्यांनीच मला मोडीत काढले. वाईट वाटले, मित्रांनो. पण खोटे सांगत नाही, त्या दिवशी त्यांच्याबद्दलचा आदर वाढलाच.

मोडीतल्या सामानातून मला, अधू झालेले हातपाय पुन्हा चालते करणाऱ्या एका व्यायामकेंद्रातल्या ताईंनी उचलून नेले. तिथल्या खणात मी कित्येक महिने धूळ खात पडले होते. एक दिवस खण उघडला आणि एका हाताने मला चाचपले. मी तो हात आधी ओळखलाच नाही. खुंटी पकडताना तो अडखळत होता, भोकाच्या कडेला धडकत होता. मग वरून आवाज आला आणि मी चरकले. ते बाइंडरकाका होते.

नवी झडप बसवून ते घरी गेले, तेव्हा बोटे जरा जड वाटत होती. पडून पडून तसे झाले असेल, असे समजून ते दवाखान्यात काही बोलले नव्हते. पण जडपणा गेला नाही. व्यायामताईंनी, दवाखान्यातलीच जुनी फळी आहे असे सांगून, सरावासाठी मला त्यांच्या घरी पाठवले आणि अशी मी त्यांच्या कामाच्या टेबलावर आले. तिथे खळीचे भांडे होते, पुठ्ठे होते, दाभण होते. सुईत दोरा मात्र आता काकू ओवून देत.

वर्ष भरले तसे दवाखान्यातून फोन येऊ लागले. फोन वाजला की काका हाताने 'नाही, नाही' अशी खूण करत आणि काकू म्हणत, "ते बाहेर गेलेत."

"या वयात मला खोटं बोलायला लावता," फोन ठेवून त्या म्हणत. "झडप नवी बसवली, पण हट्ट जुनाच ठेवलाय डॉक्टरांनी."

मग ते पत्र आले. त्यात लिहिले होते की महिनाअखेरीस जाळीचा अभ्यास पुरा होईल, तोवर तपासणीला यावे किंवा निदान प्रकृती लिहून कळवावी. खाली बाईंनी स्वतःच्या हाताने एक ओळ लिहिली होती : 'बरे असाल तरी कळवा आणि नसाल तरी कळवा. आम्हाला दोन्ही सारखेच मोलाचे आहे.'

"द्या ना उत्तर," काकू म्हणाल्या.

"काय देऊ? त्या बाईंनी मला मरता मरता उभं केलं. आता त्यांना कळवू, की बाई, हात मात्र कामातून गेला? एवढ्या मेहनतीचं काम त्यांचं. माझ्यामुळे त्याला गालबोट कशाला?"

"मग पत्र फाडून टाका."

"फाडायचं कशाला? हात सुधारला की लिहितो."

आणि काका पत्र माझ्याखाली सरकवून खुंट्या लावायला बसले. रोज बसत. माझी भोके सैल, त्यांच्या हाताला माझी सवय होत गेली, आणि हळूहळू खुंट्या भराभर बसू लागल्या. काकांचा चेहरा उजळे. मग ते सुई उचलत, दोरा तिच्या नेढ्यापाशी नेत, आणि दोरा चुकत राही. मला ओरडून सांगावेसे वाटे, की काका, मी सोपी झाले आहे, माझ्यावर विश्वास ठेवू नका. पण फळीला तोंड कुठले?

महिना सरत आला. एका दुपारी त्यांचे जुने गिऱ्हाईक, निवृत्त मास्तर, एक खिळखिळे पुस्तक घेऊन आले.

"यातलं मधलं एक पान गेलंय," काका चाळून म्हणाले.

"गेलं तर गेलं. तुम्ही आपलं घट्ट शिवून टाका. कुणाच्या लक्षात येतंय?"

"तसं नाही करत मी. तिथे कोरं पान घालीन."

"कोऱ्या पानाचा काय उपयोग? उगाच वाचणाऱ्याला ठेच लागणार."

"लागू दे की, मास्तर. इथे काहीतरी होतं एवढं तरी त्याला कळेल. नाहीतर तो बिचारा आहे तेच अख्खं समजून वाचत जाईल. माझ्या दुकानातून तसलं पुस्तक बाहेर जाणार नाही."

मास्तर हसत निघून गेले. काकू दोरा ओवत बसल्या होत्या. त्यांनी सुई खाली ठेवली, मला उचलले, पत्र काढले आणि त्या उघड्या पुस्तकात, पान गेले होते त्या जागी ठेवले.

काका पत्राकडे बघत राहिले. खळ सुकून गेली.

"मोठी हुशार आहेस," शेवटी ते म्हणाले.

"तुमच्याच दुकानात शिकले. द्या, मी लिहिते. तुम्ही सांगा."

"नको. मीच लिहितो. अक्षर बघून त्यांना निम्मं कळेल."

कागद माझ्यावर ठेवून त्यांनी लिहिले. ओळी चढत-उतरत गेल्या. 'हृदय उत्तम आहे. जिना न थांबता चढतो, हे तुमचे उपकार. उजव्या हाताची बोटे मात्र घरी आल्यापासून नीट चालत नाहीत. सुईत दोरा ओवता येत नाही. हे मी आधीच कळवायला हवे होते. तपासणीला येतो. तुमच्या एका जुन्या फळीवर मी रोज सराव केला आहे, तेव्हा खुंट्या भराभर लावल्या तर त्यावर जाऊ नये. मला जाळी होती की नव्हती, ते मला माहीत नाही. काहीही असले तरी माझा हात मोजणीत धरावा.'

मित्रांनो, मोजणीबाईंसारखी माणसे आपल्याला 'कसे आहात' असे विचारतात, ते कौतुक ऐकायला विचारत नाहीत. आपल्यामागून येणाऱ्या अनोळखी माणसासाठी विचारतात. त्यांना खरे सांगा, बरे नसाल तर आधी सांगा. आणि एखादे साधन झिजले, तर त्याला प्रेमाने बाजूला ठेवा. मी तशी बाजूला पडले, म्हणून तर या टेबलापर्यंत पोहोचले.

पाकीट चुरगळू नये म्हणून काकांनी ते माझ्यावर ठेवले आणि आम्हा दोघांना छातीशी धरून ते निघाले. टपालपेटी चढावरच्या रस्त्याच्या टोकाला होती. काका चढ चढत होते आणि त्यांचे हृदय माझ्या पाठीला लागून शांतपणे, एका लयीत चालले होते. मागून काकूंची हाक आली.

"अहो, जरा दमानं. झडप तुमची नवी आहे, माझी जुनीच आहे."

काका थांबले, हसले. पेटीपाशी पोहोचल्यावर त्यांनी मला डाव्या काखेत घेतले आणि उजव्या हाताने पाकीट फटीकडे नेले. ते कडेला लागून वळले. त्यांनी पुन्हा नेले, पुन्हा वळले. काकूंचा हात पुढे आला आणि तसाच मागे गेला. काकांनी बोटे सोडली, पुन्हा नीट धरली. या वेळी पाकिटाचा कोपरा फटीत शिरला, मग सगळे पाकीट आत सरकले, आणि पेटीच्या तळाशी ते पडल्याचा हलकासा आवाज आला.