चालकाशी बोलू नये

मी एक पाटी. माझ्यावर लिहिलंय ‘चालकाशी बोलू नये’, आणि आज मीच तोंड उघडून बसलेय. हसायचं असेल तर हसून घ्या. जन्मभर दुसऱ्यांना गप्प बसवलं, म्हातारपणी थोडं बोलले तर काय बिघडलं?

माझा जन्म बसडेपोच्या वर्कशॉपमधला. कुशाबा पेंटरने पत्र्याच्या तुकड्याला लाल रंग दिला आणि वर पांढरी अक्षरं काढली. शेवटच्या ‘ये’ची मात्रा ओढताना कोणीतरी ‘चहा आला’ म्हणून हाक मारली आणि मात्रा वाकडी झाली. दोन दिवसांनी मला एका लाल बसमध्ये ड्रायव्हरच्या पाठीमागे ठोकलं. ड्रायव्हर होता रघुवीर घाडीगावकर, लालबागचा. सगळे त्याला रघुभाऊ म्हणत.

काय दिवस होते ते! सकाळी लालबागहून निघालं की गिरगावात पोचेपर्यंत गाडीत अख्खा बाजार भरायचा. माझ्याकडे बघून गप्प बसणारे थोडेच. एक गिरगावकर आजोबा तर मुद्दाम पुढच्या सीटवर बसून रघुभाऊंना पेपर वाचून दाखवायचे. रघुभाऊ मान वळवायचे नाहीत की हूं की चूं करायचे नाहीत. शेवटचा थांबा आला, इंजिन बंद झालं, की मागे वळून म्हणायचे, ‘‘हां, आता बोला काका. कोण पडलं निवडणुकीत?’’

माझ्यामुळे कोणाला कधी दंड झाला नाही. कोणी माझं ऐकायचं, कोणी नाही. तरी मला वाटायचं, या गाडीला मीच सांभाळते. पाटी झाले म्हणून काय झालं, गर्व कोणाला सुटलाय?

गाडी भंगारात निघाली तेव्हा रघुभाऊंनी साहेबांना विचारून मला सोडवून घेतलं आणि लालबागच्या चाळीत, तिसऱ्या मजल्यावरच्या आपल्या खोलीत टीव्हीच्या वर लावलं. त्यांची बायको नलूताई कपाळावर हात मारून म्हणाली, ‘‘गाडीत गप्प बसून पोट भरलं नाय वाटतं! आता घरात पण बोलायचं नाय?’’ त्यांची लेक पूर्वी तेव्हा शाळेत होती. बोटाने माझी अक्षरं गिरवायची. त्या बोटाचा ओलसर स्पर्श मला अजून आठवतो.

आता तीच पूर्वी ऑफिसला स्कूटरने जाते. तिचे आजोबा ज्या गिरणीत कामाला होते, तिथेच आता तिचं काचेचं ऑफिस आहे. स्कूटरच्या हँडलवर मोबाईल अडकवलेला. रघुभाऊ रिटायर होऊन घरी बसले, तेव्हापासून त्या मोबाईलवरून घरात रोज खडाजंगी.

गेल्या वर्षी चाळीच्या सत्यनारायणाला वादविवाद स्पर्धा ठेवली होती. विषय, ‘गाडी चालवताना मोबाईलबंदीचा कडक कायदा हवा की नको’. बाप एका बाजूने, लेक दुसऱ्या. रघुभाऊ मला काखेत मारून स्टेजवर गेले.

पूर्वी म्हणाली, ‘‘मी लहान आहे का? कधी बघायचं, कधी नाही, माझं मला कळतं. आज मेसेज बंद करतील, उद्या म्हणतील गाणी ऐकू नका. पडले तर मी पडेन. सरकार काय माझी आई आहे?’’

‘‘आईचं तरी कुठे ऐकतेस!’’ नलूताई खालून ओरडली. पटांगण हसलं.

मग रघुभाऊंनी मला उंच धरलं. ‘‘ह्या पाटीखाली मी उभी नोकरी काढली. एक माणूस खरचटला नाय!’’

पूर्वीने एकदा माझ्याकडे पाहिलं. ‘‘बाबा, नीट वाचा ना. ही पाटी ड्रायव्हरला काहीच सांगत नाही. बाकीच्यांना सांगते.’’

रघुभाऊंनी मला हळूच खाली घेतलं. पहिलं बक्षीस पूर्वीला मिळालं. तिचं ते वाक्य मलाही लागलं. आपण कोणाला सांगतोय, हेच मला इतकी वर्षं उमगलं नव्हतं.

पंधरा दिवसांनंतरचा एक बुधवार. बुधवारी आमच्याकडे मासे असतात. गल्लीच्या तोंडाशी माहीमची कमलाबाई बसते. तिच्याकडून घ्यायचे. संध्याकाळी रघुभाऊंनी खुर्चीत बसून लेकीला मेसेज केला, ‘कुठे आहेस?’ उत्तर आलं नाही. ‘पापलेट आणू की सुरमई?’ तरी नाही. मग नुसती दोन प्रश्नचिन्हं. मी वरून बघत होते.

उत्तर आलंच नाही. खालून आरडाओरडा आला.

पूर्वी गल्लीत वळत होती आणि डोक्यावर माशांची पाटी घेऊन कमलाबाई समोर आली. तिच्या पाटीचं आणि माझं नाव एकच. स्कूटर धडकली आणि ती पाटी रस्त्यावर पालथी झाली. पूर्वीचा गुडघा सोलवटला, तेवढंच. कमलाबाईचा उजवा हात मात्र मनगटात मोडला, कोयता धरायचा हात.

हॉस्पिटलमधून घरी आल्यावर रघुभाऊ गरजले, ‘‘सांगितलं होतं ना? पडले तर मी पडेन म्हणत होतीस! पडलं कोण?’’

पूर्वी रडत होती. तिने मोबाईल पुढे केला. त्यावर बापाचे तीन मेसेज होते आणि खाली तिने लिहायला घेतलेलं उत्तर, ‘सुरम’.

दुसऱ्या दिवशी रघुभाऊ माहीमला जाऊन आले. परत येऊन नलूताईला सांगत होते, ‘‘म्हटलं, कमलाबाय, चूक माझी हाय. मीच मेसेज करीत होतो. तर म्हणते, पोरीला वरडू नको, भाऊ. बापाचा निरोप आला तर पोर बघणारच ना?’’ एवढं बोलून या माणसाने डोळ्यांना रुमाल लावला. आजवर मी ते पाहिलं नव्हतं.

कमलाबाईचं प्लॅस्टर निघालं, पण हाताला पहिलं बळ नाही. मासे आता तिची सून कापते आणि ती शेजारी बसून गिऱ्हाइकांशी बोलते. पूर्वी आता स्कूटरवर बसताना मोबाईल डिकीत टाकते. कायद्याबद्दल तिचं म्हणणं अजून तेच आहे आणि बापाचंही. मला कायद्यातलं कळत नाही. मी फक्त एवढंच मागते, की तुमचं माणूस गाडीवर असेल तर त्याला हाक मारू नका. काळजी वाटली तर वाटू द्या. मोबाईल नव्हते तेव्हा लोक तशीच करायचे की काळजी, गॅलरीत उभं राहून.

माझा रंग उडालाय, ‘बोलू’ तर जेमतेम वाचता येतं.

काल पूर्वीला यायला चाळीस मिनिटं उशीर झाला. रघुभाऊंनी तीनदा मोबाईल हातात घेतला आणि तीनदा उशीखाली ठेवला. जिन्यावर तिची पावलं वाजली तसा त्यांनी घाईघाईने टीव्ही लावला.

‘‘बाबा, खूप उशीर झाला का हो?’’

‘‘झाला काय?’’ ते टीव्हीकडे बघत म्हणाले. ‘‘माझं लक्षच नव्हतं.’’