वाकडी वेणी

कंगवा पहिल्याच फटक्याला अडकला. काकांनी तो केसांतच सोडला आणि झटकन हात मागे घेतला, जणू पलंगावरच्या बायकोला दुखलं असावं. तिला दुखलं नव्हतं. तोंडातल्या नळीतून यंत्र श्वास आत ढकलत होतं, छाती वर येत होती, खाली जात होती. पापण्या मिटलेल्याच होत्या.

"म्हणूनच म्हणत होते, कापून टाकू," सिस्टर म्हणाली. "डोकं सारखं उशीवर, मग गुंता होऊन जटाच होतात. आम्ही बऱ्याच जणींचे कापतो. परत वाढतात, काका."

'परत वाढतात' हे ती सवयीनं बोलून गेली, आणि लगेच वळून सलाईनच्या नळीशी उगाच काहीतरी करू लागली.

काकांचा सगळा जन्म कात्री चालवण्यात गेला होता. चौकात त्यांचं जुनं सलून. गिऱ्हाइकं त्यांना पाठीमागे रेडिओ म्हणायची, कारण माणूस खुर्चीत बसला की तोंडाचा पट्टा सुरू व्हायचा आणि तो उठून दारापर्यंत गेला तरी थांबायचा नाही. पण घरात त्या हाताला मज्जाव होता. बायकोचे केस कमरेच्या खाली; पांढरे झाले तरी दाट. लग्नापासून तिनं केसांना त्यांचा हात लागू दिला नव्हता. "तुमच्या हाताला कापायचीच खोड," ती आल्यागेल्यासमोर म्हणायची, "भांग पाडायला बसावं आणि टक्कल घेऊन उठावं!" काकाही हसायचे. रोज सकाळी मागच्या दारी उन्हाला बसून ती वेणी घालायची आणि ते चहा पीत लांबून बघायचे.

"कापायचे नाहीत," ते म्हणाले. "मी सोडवतो. दुपारी तुमची धावपळ कमी असते, तेव्हा मला थोडं बसू द्या."

"थोडं बसून होणारं काम नाही हे."

"मग जास्त बसू द्या."

सिस्टरनं त्यांच्याकडे पाहिलं. भेटायची वेळ ठरलेली होती, तीही घाईची, आणि नियम मोडू देणाऱ्यांतली ती नव्हती. पण सकाळी डॉक्टरांनी काकांना काय सांगितलं, ते तिला ठाऊक होतं.

सकाळी डॉक्टर बाहेर आल्या त्या खुर्ची ओढून काकांच्या शेजारी बसल्या, तेव्हाच काका समजले होते. अतिदक्षता विभागाबाहेरच्या बाकांवर जे दिवसचे दिवस काढतात, त्यांचा एक ठोकताळा असतो: उभ्याउभ्या सांगतात ती बातमी चालण्यासारखी, बसून सांगतात ती नाही. मेंदूत रक्तस्राव फार झाला होता. सूज उतरली नव्हती, आणि आता उतरून उपयोगही नव्हता. डॉक्टर वयानं त्यांच्या मुलीएवढ्या होत्या. हळू, सोप्या शब्दांत बोलत होत्या. मेंदूचं काम जवळजवळ थांबलंय. हृदय औषधांच्या जोरावर चाललंय, तेही आता दमत आलंय. आजची रात्र निघाली तरी खूप.

"मुलगी येतेय," काका म्हणाले. "लांबून येतेय. संध्याकाळपर्यंत पोचेल."

"तोवर आम्ही काहीही कमी करणार नाही," डॉक्टर म्हणाल्या. "तुम्ही तिला सांगितलंय का?"

प्रवासात मुलीचा दोनदा फोन आला होता. आई कशी आहे, म्हणून. "आहे तशीच आहे. तू नीट ये," एवढंच ते बोलले होते. एकटी पोर, अनोळखी माणसांत बसलेली; तिला फोनवर हे सांगायचं कसं?

आणखी एका गोष्टीनं त्यांचा जीव खालीवर होत होता. शेजारच्या बाकावर एक बेकरीवाल्या बाई असत. त्यांचा नवरा आत होता. आदल्या दिवशी त्यांची थोरली मुलगी वडिलांना बघायला आली, आत गेली आणि गेली तशी बाहेर आली. "हे माझे बाबा नाहीत," म्हणाली आणि जिना उतरून निघून गेली. सुजलेला चेहरा, सुयांनी काळेनिळे झालेले हात, सगळीकडून नळ्या. ती पुन्हा आत गेली नाही. बाईंनी तिला दोष दिला नाही; नुसत्या पदरानं चष्मा पुसत बसल्या. काकांनी ते पाहिलं होतं. आपल्या मुलीला आईचं शेवटचं दर्शन असं व्हायला नको, एवढं त्यांच्या मनानं घेतलं.

दुपारी सिस्टरनं त्यांना आत बोलावलं. तिनं दोन्ही तळव्यांत डोकं अलगद धरलं.

"मुळापासून ओढू नका. टोकाकडून सुरुवात करा. खालचं सुटलं की वरचं सुटतं."

काका टोकाकडून सुरू झाले. कंगव्याचे दोन दात मोडले तेव्हा तो बाजूला ठेवून ते बोटांनीच गुंता सोडवू लागले. आजवर सिस्टर त्यांना सांगत आली होती, बोला त्यांच्याशी, कुणी सांगावं, ऐकूही येत असेल. आणि रेडिओ म्हणवणारा हा माणूस पलंगाशी आला की मुका व्हायचा. सगळ्या गावाशी बोलायला शब्द होते, हिच्यासाठी एक सापडत नव्हता. आता मात्र हात कामाला लागले तसं तोंडही सैल झालं.

"कसे ठेवू? नेहमीसारखेच ना?" ते पुटपुटले.

मग सांगत राहिले. दुकान बंद आहे, दारावर पाटी लावलीय. समोरच्या चहावाल्यानं दाढी वाढवलीय, म्हणतो तुम्ही आल्यावरच करीन. आता साधू दिसतोय. तुळशीला पाणी मीच घालतो, पण जास्त होतं बहुतेक, पानं पिवळी पडलीत. तू असतीस तर ओरडली असतीस. सिस्टर खाली मान घालून ऐकत होती. एकदा तिनं खांद्यानं गाल पुसला, कारण हात मोकळे नव्हते.

गुंता सुटला तेव्हा केस उशीवर पसरले, आणि काकांच्या लक्षात आलं की पुढचं आपल्याला येतच नाही.

ते बाहेर आले. बेकरीवाल्या बाई थर्मासचं झाकण लावत होत्या.

"ताई, वेणी कशी घालतात?"

बाई बघतच राहिल्या. "भाऊ, तुमचं सलून आहे ना?"

"आहे की. पण वेणीवालं गिऱ्हाईक कधी आलंच नाही."

बाईंना हसू फुटलं. काकांनाही. दोघंही लगेच गप्प झाले आणि इकडेतिकडे पाहू लागले, जशी काही कुणाच्या घरात चोरी केली असावी. मग बाईंनी अंगावरची शाल ओढून तिच्या कडेचे तीन लांब गोंडे काकांच्या हातात दिले.

"हे तीन पेड. उजवा उचला, मधल्यावरून आणा. आता तो मधला झाला. मग डावा, तसाच. घट्ट धरा, पण आवळू नका, डोकं दुखतं."

काका शिकले. दोनदा सुटली, तिसऱ्यांदा जमली. बाई बघत होत्या. "माझ्या मुलीला चौथीत असताना शिकवली होती," त्या म्हणाल्या. त्यांनी शाल पुन्हा अंगावर घेतली.

काकांनी आत जाऊन वेणी घातली. शेंड्याला सिस्टरनं पट्टीची चिंधी बांधून दिली. सिस्टरनं चादरही बदलली, हात आत घेतले, सुकलेल्या ओठांना मलम लावलं. वेणी एका खांद्यावरून पुढे आली. जरा वाकडी होती, मध्येच जाड, मध्येच बारीक. पण ही तीच होती. झोपलेली वाटत होती.

दिवेलागणीला मुलगी आली. प्रवासानं चेहरा सुकलेला, खांद्यावरची बॅग तिनं बाकावर टाकली. काकांनी तोंड उघडलं, पण ती थांबलीच नाही. "आधी बघून येते, बाबा," म्हणत आत गेली. काका काचेच्या दाराशी उभे राहिले. बेकरीवाल्या बाईही उठून उभ्या राहिल्या.

मुलगी बाहेर आली तेव्हा डोळ्यांत पाणी होतं आणि चेहऱ्यावर हसू.

"किती घाबरवलंत हो मला! वाटेत काय काय येत होतं मनात. आई किती छान दिसतेय! निवांत झोपलीय. वेणीसुद्धा घातलीय!" तिनं त्यांचा हात घट्ट धरला. "सुधारतेय ना? एवढी नीट दिसते म्हणजे सुधारतच असणार."

काका तिच्या हातातल्या आपल्या हाताकडे बघत राहिले. पोरीला भीती वाटू नये म्हणून दुपारभर जे केलं, ते असं उलटलं होतं. तिचा जीव भांड्यात पडला होता, आणि तो त्यांनीच पाडला होता. ती फोन काढून नवऱ्याला सांगू लागली, "अरे, बरी आहे, काळजी करू नकोस." बेकरीवाल्या बाईंनी थर्मास उचलला आणि लांबच्या बाकावर जाऊन बसल्या.

फोन झाला. मुलगी बाकावर टेकली, पाय लांब केले.

"काही खाल्लंस?" काकांनी विचारलं.

"आता खाईन. आता भूक लागली." ती बाटलीतलं पाणी घटाघट प्यायली. "वेणी कुणी घातली? सिस्टरनं?"

"मी."

"तुम्ही?" ती खळखळून हसली. "आईनं हात लावू दिला? शुद्धीवर आली की बघा काय करते तुमचं! वाकडी झालीय, बाबा. उद्या मी घालते."

काकांनी तिच्या खांद्यावर हात ठेवला.

"उद्या नको, बाळा," ते म्हणाले. "आत्ताच घाल."

मुलगी हसतच त्यांच्याकडे वळली. हसू चेहऱ्यावर जरा वेळ तसंच राहिलं, मग कुठून तरी सुटत गेलं. तिनं बाटलीचं झाकण लावायचा प्रयत्न केला, ते बसेना. काकांनी बाटली तिच्या हातातून घेतली आणि झाकण लावून खाली ठेवली.

ती उठली आणि आत गेली.

काचेतून काकांना दिसत होतं. ती पलंगाच्या कडेला टेकली होती. तिनं शेंड्याची चिंधी सोडली, वेणी उकलली, बोटांनी केस विंचरले. मग तीन पेड करून घालायला लागली. तिचा हात सराईत होता, वेणी बघता बघता सरळ उतरत गेली. शेंड्याशी पोचली तेव्हा सिस्टरनं चिंधी पुढे केली. मुलीनं ती घेतली नाही. वेणी सगळी पुन्हा सोडली आणि पहिल्यापासून घालायला घेतली, या वेळी अगदी सावकाश.

भेटायची वेळ केव्हाच संपली होती. तिला कुणी उठवलं नाही.