इंजिनातली काजळी आणि डुकराचे मुंडके

गू बोंग-शिक दक्षिण कोरियातल्या देगू शहराच्या उत्तर भागात बावीस वर्षे एकाच डिझेल ट्रकमधून अंडी विकत होता. इमारतींमधल्या गल्ल्यांतून तो माणसाच्या चालीने ट्रक हाकी, छपरावरचा कर्णा अंड्यांची थोरवी गाई, आणि गिऱ्हाईक येवो न येवो, इंजिन सकाळपासून संध्याकाळपर्यंत सुरूच राही. इंजिन बंद केले की कर्णा थंडावतो आणि कर्णा थंडावला की धंदा, हा सिद्धान्त त्याला फिरत्या विक्रेत्यांच्या मंडळाचे अध्यक्ष प्यो यांनी दिला होता. मंडळात अध्यक्षांचे वाक्य हेच प्रमाण असल्यामुळे बॅटरी नावाच्या वस्तूची साक्ष कोणी कधी काढली नव्हती.

या वर्षी धुराच्या तपासणीत ट्रक दोनदा नापास झाला. शुक्रवारी शेवटची संधी होती. ती गेली तर ट्रकला शहरात शिरायला बंदी, आणि ट्रकशिवाय बोंग-शिकला पोटापाण्याचे दुसरे साधन नव्हते. त्याची बायको सुन-रे त्याला मंगळवारी जवळजवळ ओढतच टाक मि-ओक या बाईच्या गॅरेजात घेऊन गेली. मि-ओकने बोल्ट काढून इनटेकचा पाइप उघडा केला. आत डांबरासारखा काळा, चिकट थर होता.

"बघा मालक. इथून इंजिन श्वास घेतं. मनगट जाईल एवढं भोक होतं. आता माझी करंगळी अडकते."

"ही घाण आली कुठून? मी फिल्टर तर बदलतो."

"बाहेरून नाही, घरचीच आहे. धुराचा थोडा भाग पुन्हा इंजिनात सोडणारा एक व्हॉल्व्ह असतो. तिकडून काजळी येते, दुसरीकडून इंजिन ऑइलची वाफ. दोघींची इथे गाठ पडते आणि लगदा होतो. गाडी नीट तापली, पळाली, तर एवढी काजळी धरत नाही. तुम्ही हिला बावीस वर्षं कोमट ठेवलंत."

"मी सांगत होते, उभा असताना बंद करा," सुन-रे म्हणाली. "माझं कोण ऐकतंय! मी कुठे अध्यक्ष आहे!"

"कर्ण्याला वेगळी बॅटरी लावा," मि-ओक म्हणाली. "आठवड्यातून एकदा हायवेवर तासभर पळवा. ऑइल वेळेवर बदला, आणि दर दोन वर्षांनी पाइप, व्हॉल्व्ह उतरवून धुऊन घ्या. आत्ता मला बुधवार-गुरुवार द्या, शुक्रवारी पास करून दाखवते."

बोंग-शिक चुळबुळला. "गुरुवारी जमणार नाही. ट्रकची पूजा आहे. अध्यक्षांनी दिवस काढलाय. त्या दिवशी भुतं सुट्टीवर असतात."

"भुतांनाही सुट्टी? मग मलाच का नाही?" मि-ओकने पाइप परत बसवायला घेतला.

गुरुवारी दुपारी बाजारामागच्या मोकळ्या जागेत पूजा मांडली गेली. मंडळाचे झाडून सगळे सभासद हजर होते. ज्ञानाच्या कार्यक्रमाला ही उपस्थिती कधी लाभत नाही. टेबलावर भाताच्या वड्या, फळे आणि मधोमध उकडलेले डुकराचे मुंडके; ते हसरे निघाले तर भरभराट, अशी समजूत. इंजिन अर्थातच सुरू होते.

"अध्यक्ष, डुक्कर हसतंय बघा!"

"हसेल नाहीतर काय. त्याला कुठे उद्या तपासणीला जायचंय!"

बोंग-शिकने तीनदा साष्टांग नमस्कार घातला. रिवाजाप्रमाणे माक्कल्ली, म्हणजे तांदळाची गढूळ दारू, चारही चाकांवर ओतण्यात आली. इथवर परंपरा होती, आणि परंपरेने आजवर एकही इंजिन बिघडवलेले नाही. त्यासाठी विचारवंत लागतो.

"थांबा," प्यो हात वर करून म्हणाले. "आजार घशात, आणि आपण औषध पायाला चोळतोय? बोंग-शिक, उघड घसा!"

सुन-रे पुढे धावली. "अहो, नको! त्या बाई काय म्हणाल्या..."

"वहिनी, बाईंनी मशीन पाहिलं. मी त्याच्या आतलं पाहतो."

बोंग-शिकने एकदा बायकोकडे पाहिले, एकदा अध्यक्षांकडे, आणि फिल्टरचे झाकण काढले. अध्यक्षांनी दोन्ही हातांनी, पूर्ण आदराने, वाडगाभर दारू सुरू इंजिनाच्या श्वासात ओतली. ट्रक खोकला. आतून हाड मोडल्यासारखा आवाज झाला. मग शांतता.

"बंद पडला हो!" सुन-रे ओरडली.

"बंद नाही, वहिनी. तृप्त झाला," अध्यक्ष म्हणाले, आणि मंडळाने टाळ्या वाजवल्या.

संध्याकाळी ट्रक ओढत गॅरेजात आणला गेला. मि-ओकने इंजिन उघडले आणि वाकलेला रॉड बोंग-शिकला दाखवला. "हवा दाबली जाते मालक, दारू दाबली जात नाही. पिस्टन तिच्यावर आपटला. काजळी मी धुतली असती. ह्याला आता दुसरं इंजिन लागेल, आणि तपासणी उद्या आहे."

शुक्रवार आला आणि गेला.

शनिवारी मंडळाची तातडीची सभा भरली. बोंग-शिकबद्दल हार्दिक सहानुभूती व्यक्त करण्यात आली, आणि गिऱ्हाइकांची गैरसोय होऊ नये या उदात्त हेतूने त्याच्या सर्व गल्ल्या अध्यक्षांच्या जावयाकडे सोपवणारा ठराव एकमताने संमत झाला. जावयाचा ट्रक नवा होता.

बोंग-शिक घरी परतला तेव्हा सुन-रे न विकलेली अंडी निवडत बसली होती. तिने सगळे ऐकून घेतले.

"ठरावाला अनुमोदन कोणी दिलं?"

"मीच," बोंग-शिक म्हणाला. "दुसरं कोणी उठेना. बरं दिसलं नसतं."