भौगोलिक कारणे द्या

स्थान व विस्तार

नेवाडाच्या मधोमध, जिथे नकाशा छापणाऱ्याला लिहायला काहीच सुचत नाही म्हणून तो आपला दिशांचा बाण काढून मोकळा होतो, तिथे सिल्व्हर फोर्क आहे. डोंगरांची रांग, मग पांढरं खारट खोरं, मग पुन्हा रांग. गावाशेजारी खड्डा. खड्डा गावाहून मोठा. अख्खं गाव चर्चसकट आत उतरवलं तरी वर जागा उरेल.

व्यवसाय

तांबं. म्हणजे होतं. म्हणजे आहे अजून खाली, पण भाव पडला आणि कंपनीने खाण ‘तात्पुरती’ बंद केली. या एका शब्दावर गाव तग धरून होतं. शाळा गेली, दुकान गेलं. क्लिनिक उरलं, कारण त्याचा खर्च कंपनीच करत होती.

लोकजीवन

क्लिनिकमध्ये डॉक्टर नाही. नर्स प्रॅक्टिशनर आहे, रुही. जन्म जर्सी सिटीचा. आईबाबांशी फोनवर मोडकंतोडकं मराठी बोलते आणि इथे का राहते याचं उत्तर त्यांना दोन्ही भाषांत देऊ शकत नाही.

तिचा रोजचा पेशंट डेल. उभा जन्म खाणीतले ट्रक चालवले, आता नाकात ऑक्सिजनची नळी. एल्को शहरात राहणाऱ्या त्याच्या मुलीने, कॅथीने, खटपट करून तिथल्या वृद्धाश्रमात एक खाट मिळवली होती. शुक्रवारपर्यंत हो किंवा नाही कळवायचं होतं.

“खाण उघडली तर तू राहशील,” डेल म्हणाला. “तू राहिलीस तर मी कशाला मरायला एल्कोला जाऊ? पण उघडणार नसेल तर तसं सांग. मी मुकाट्याने जाईन.”

“मला कसं कळणार, डेल?”

“तू शिकलेली आहेस. काढ माहिती.”

माहिती गुरुवारी आपल्या पायांनी चालत आली. हाताला रुमाल गुंडाळलेला, रुमाल रक्ताने भिजलेला. परीक्षित, कंपनीचा भूगर्भतज्ज्ञ, खाणीत अजून किती दम आहे ते बघायला आलेला. फॉर्मवरचं नाव वाचून रुही उडालीच.

“तुम्ही मराठी?”

“अरेच्चा! तू इथे काय करतेस?”

“लाँग स्टोरी. हात हलवू नका.”

“मी बल्लारपूरचा. आमच्याकडेही असेच खड्डे, फक्त काठावर माणसं जास्त.”

टाके घालता घालता तिने विचारलं, “खाण उघडणार का?”

“नाही गं बोलता येत. रिपोर्ट कॉन्फिडेन्शियल असतो.”

दारात तो वळला. “चल, येतो.”

शब्दार्थ

बाकावरून डेलने विचारलं, “जाताना काय म्हणाला?”

रुहीला ठाऊक होतं. तिचे बाबा रोज सकाळी दारात हेच म्हणायचे. ज्यांच्या घरी पुन्हा पाऊल टाकायचं नाही असं ठरलेलं असे, त्यांच्या दारातही हेच म्हणायचे.

डेल तिच्या तोंडाकडे बघत होता. नळी सूं सूं करत होती.

“येतो म्हणाला,” रुहीने सांगितलं.

भाषांतर अचूक होतं.

डेलने तिच्याच फोनवरून कॅथीला कळवलं: खाट नको.

रिकाम्या जागा भरा

खाण ______ बंद आहे.
(तात्पुरती / कायमची)

कंपनीने एवढा एकच शब्द बदलला. क्लिनिकला महिनाअखेरपर्यंत मुदत. रुहीने परीक्षितला फोन लावला.

“तुम्ही येतो म्हणालात!”

“मी? कधी?”

“निघताना. दारात.”

तो हसला. वाईट नव्हता बिचारा. “अगं, मग काय, जातो म्हणू? जातो म्हणतात का कधी? तुला माहीत नाही?”

“माहीत आहे.”

“मग?”

रुहीने फोन ठेवला.

दळणवळण

एल्कोहून कॅथी पिकअप घेऊन आली तेव्हा क्लिनिकमधली कपाटं रिकामी होत होती. खाट दुसऱ्या कुणाला गेली होती. पुन्हा कधी मिळेल ते कुणी सांगत नव्हतं. तोवर बाबांना आपल्या ट्रेलर-घरातल्या सोफ्यावर झोपवायचं आणि स्वतः रोज कामावर जायचं. दिवसभर सिलिंडर कोण बघणार? तिचा आवाज चढत गेला.

“यांच्या डोक्यात कुणी भरवलं, खाण उघडणार म्हणून?”

डेल खुर्चीत बसून होता. त्याने रुहीकडे पाहिलं.

“कंपनीचा माणूस आला होता,” रुही म्हणाली.

डेलने नाकातली नळी सारखी केली. मग म्हणाला, “हो. इंडियन होता.”

“वाटलंच,” कॅथी म्हणाली. मग एकदम रुहीच्या दंडावर हात ठेवून, “तू नाही हं, हनी. तुझं नाही म्हणत मी.”

“नाही, नाही,” रुही म्हणाली, “मी नाही,” आणि डेलचा सिलिंडर उचलून गाडीत ठेवायला निघाली.