दुखण्याचा वाटा

मी टिकली बोलतेय. जानेफळच्या कलाबाईची बकरी. कपाळावर पांढरा ठिपका आहे म्हणून टिकली. पुस्तकात शेळी लिहितात, पण आमच्याकडे बकरीच म्हणतात आणि मलाही तेच आवडतं. तुम्ही काहीही म्हणा, फक्त 'बिचारी' म्हणू नका. ते मी खपवून घेत नाही.

माझा जन्म चिखलीचा. नारायणरावांच्या घरामागच्या पत्र्याच्या शेडमधला. नारायणरावांचं खत-बियाण्यांचं दुकान आहे. त्यांना बकऱ्या पाळायची भारी हौस, पण लेंड्या झाडायची नाही. म्हणून मी वयात आले तशी त्यांनी मला छोट्या टेम्पोत घालून जानेफळला आणलं आणि कलाबाईकडे वाट्यानं दिलं.

वाट्यानं म्हणजे कसं, ते सांगते. बकरी मालकाची. तिला चारायचं, पाणी पाजायचं, कुत्र्या-लांडग्यांपासून सांभाळायचं ते दुसऱ्यानं. करडं झाली की निम्मी मालकाची, निम्मी सांभाळणाऱ्याची. सगळं तोंडी. पिढ्यान्‌पिढ्या असंच चालत आलंय आणि दोन्हीकडची माणसं खुशीत असतात. पण या बोलीत एक गोष्ट कुणी कधी काढत नाही. बकरी दुखण्याला पडली तर डॉक्टर कुणी बोलवायचा?

मलाही तेव्हा हा प्रश्न पडला नव्हता. मी मजेत होते. कलाबाई निंदायला जायची तेव्हा मलाही सोबत न्यायची. ती वावरात वाकलेली, मी धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, बाभळीच्या शेंगा वेचत. संध्याकाळी तिच्या ताटातली चतकोर ज्वारीची भाकर माझी, हे ठरलेलं. सून मयुरी कुरकुर करायची. एकदा मी तिच्या आधार कार्डाची झेरॉक्स खाल्ली, तेव्हा तिनं मला अंगणभर पळवलं. पण पाऊस आला की मला ओढून घरात घेणारीही तीच. माझ्या पहिल्या वेताला दोन करडं झाली, एक चिखलीला गेलं, एक कलाबाईनं ठेवलं. कुणाची तक्रार नव्हती.

दुसऱ्या वेताला मी अडले.

सकाळपासून कळा येत होत्या आणि बाहेर फक्त एक खूर डोकावत होता. दुपारपर्यंत मी उभी राहू शकेना. रविवार होता. जनावरांच्या सरकारी दवाखान्याला कुलूप. मयुरीनं फोन लावून मेहकरहून देवानंद डॉक्टरांना बोलावलं. ते खासगी डॉक्टर. मोटारसायकलवरून आले, हात धुतले, मला तपासलं, आणि उठून पुन्हा हात धुतले.

"दोन हायेत. पुढच्या पिल्लाची मान मागं वळलीय. हातानं सरळ होते का पाहतो. नाही झाली तर ऑपरेशन. पण काकू, पैशाचं आधी बोला."

"आधी?" कलाबाईचा आवाज चढला. "ते मरून राह्यली इथं, आन तुम्ही पैशाचं बोलून राह्यले?"

"मंग केव्हा बोलू? मागच्या पोळ्याले याच गावात बैल पाहिला मी. चिखलात झोपून सलाईन लावलं. बैल गेला. तर मालक म्हणते, बैलच वाचला नाही, पैसे काऊन देऊ? औषधाचे पैसेही माझ्या खिशातून गेले. आता मी आधी बोलतो."

डॉक्टरांचं चुकत नव्हतं. हे मी आज सांगते. तेव्हा मात्र त्यांना शिंगावर घ्यावंसं वाटत होतं, कारण दोघांच्या वादाच्या मध्ये मी पडले होते आणि माझ्या आत एक जीव मान मुरगाळून अडकला होता.

डॉक्टरांनी आकडा सांगितला. हातानं झालं तर एवढे, फाडावं लागलं तर त्याच्या तिप्पट. कलाबाई मटकन ओट्यावर बसली. मग डॉक्टर जरा नरमाईनं म्हणाले, "बकरी वाट्याची हाये ना? मालकाले इचारा. त्याची बकरी, त्यानं पाहावं."

मयुरीनं चिखलीला फोन लावला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असा ठेवला. मलाही ऐकू आलं. माणसं जनावरांसमोर वाटेल ते बोलतात, जनावराला कान नसल्यासारखं.

"कलाबाई, त्यात पैसे नका घालू," नारायणराव म्हणाले. "मी व्यापाऱ्याले फोन करतो. जित्ती हाये तोवर घेऊन जाईल. काहीतरी तं हाती येईल."

"आन पोटातले पिल्लं? त्यात माहा वाटा हाये."

"झालेच नाही तं वाटा कायचा?"

वर्षभर उन्हातान्हात मला फिरवणाऱ्या बाईला त्या माणसानं एका वाक्यात पुसून टाकलं होतं. मला इतका राग आला की कळ आली तरी मी ओरडले नाही. ठरवलं, काही झालं तरी व्यापाऱ्याच्या गाडीत मी जाणार नाही. बघूच.

कलाबाई उठली. पदर खोचला. मयुरीच्या हातातला फोन घेतला.

"नारायणराव, मंग असं करा. पिल्लं जगले तं दोन्ही तुमचे. मले एकही नको. पण माय माही. आजपासून. इलाज मी करीन, मेली तं माही मेली. बोला, कबूल?"

पलीकडे दुकानदार माणूस, त्यानं हिशोब केला असणार. अर्धमेली बकरी जाते, फुकटात दोन करडं येतात, खर्च दुसऱ्याचा.

"कबूल," ते म्हणाले.

"डॉक्टरसाहेब, ऐकलं ना? तुम्ही साक्षीदार." फोन ठेवून ती आत गेली आणि सोयाबीन सोंगणीच्या मजुरीतले पैसे घेऊन आली. "हे अर्धे आता. बाकी नंतर. मेली तरी देईन. पण तुम्ही आता सांगतला तोच आकडा. नंतर वाढवला तं मी ऐकणार नाही."

"आई, ते पैसे..." मयुरी म्हणाली. त्या पैशांत घरावरचे पत्रे बदलायचे होते.

"पत्रे गळतात ते गळू दे," कलाबाई म्हणाली आणि माझं डोकं मांडीवर घेतलं.

पुढचं मी सांगत नाही. ज्या अडल्यात त्यांना ठाऊक आहे. डॉक्टर घामाघूम झाले, दोनदा म्हणाले, होत नाही, फाडावं लागते. मी जोर केला. कलाबाई माझ्या कानात शिव्या घालत होती, "कर बे टिकले, कर, माही झाली तू आता, मले तोंडघशी पाडू नको." आणि मान सुटली. बोकड बाहेर आला. त्याच्या मागून लगेच एक पाठ, म्हणजे मादी करडू, काही त्रास न देता. दोन्ही जिवंत. मी मान वर करून त्यांना चाटायला लागले तेव्हा डॉक्टर जमिनीवरच बसले होते आणि हसत होते.

हसून झाल्यावर त्यांनी बिल सांगितलं. ठरल्यापेक्षा जास्त.

"हे काय?" कलाबाई.

"इंजेक्शन वेगळे, काकू. आन रविवारचे वेगळे."

"इंजेक्शनचे देईन, ते बाटलीत दिसलं मले. रविवारचे कायचे? बकरीले वार कळते का?"

"मले कळते ना! घरचे लोक लग्नाले गेले, मी इथं आलो."

बराच वेळ घासाघीस चालली. दोघंही हटेनात. शेवटी मयुरीनं चहा आणला. डॉक्टरांनी तो प्यायला, बोकडाकडे पाहिलं आणि रविवारचे सोडून दिले. कलाबाईनं इंजेक्शनचे एकही कमी न करता दिले. जाताना ते म्हणाले, "बैलवाल्यानं तुमच्यासारखं भांडण केलं असतं तं बरं झालं असतं. तो इलाज होईस्तोवर गुपचूप राह्यला आन मंग पैसे बुडवले."

आठवड्यानं नारायणराव मोटारसायकलवर आले. सोबत बारदानाचं पोतं. करडं न्यायला.

"न्या," कलाबाई म्हणाली. "बोलल्याप्रमाणं तुमचेच हायेत."

त्यांनी बोकडाला उचललं. तो बोंबलला. मी दोन पावलं पुढे गेले. नारायणरावांनी त्याला पुन्हा खाली ठेवलं आणि पोत्याकडे पाहिलं. मग माझ्या भरलेल्या कासेकडे पाहिलं.

"अजून पितात हे," ते म्हणाले.

"पितीलच. आठ दिवसाचे हायेत."

"महिना-दोन महिने इथं राहू द्या मंग."

"राहू देईन. पण दूध माह्या बकरीचं हाये. तुमच्या पिल्लाइले काऊन पाजू?"

"बाटलीनं पाजतो मी."

"पाजा की. रात्री दोनदा उठा लागते. तुमच्या घरी वहिनी उठतीन का?"

नारायणराव कान खाजवू लागले. कलाबाईनं हे सगळं त्या दिवशी फोनवरच ठरवलं होतं की नाही, मला माहीत नाही. मी विचारलं नाही, तिनंही सांगितलं नाही.

"बरं, वाट्यानं ठेवा," ते शेवटी म्हणाले. "पहिल्यासारखं. अर्धा-अर्धा."

"ठेवीन. पण पहिल्यासारखं नाही. डॉक्टर आला तं त्याचेबी अर्धे तुमचे. दुखण्याचाबी वाटा."

"असं कोणी करते का हो? डॉक्टरचा वाटा आजपर्यंत कोण्या मालकानं देल्ला?"

"आजपर्यंत नाही देल्ला. आजपासून तुम्ही द्या. नाही तं हे घ्या पोतं."

मयुरी दारात उभी राहून ऐकत होती. नारायणरावांनी तिच्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, रस्त्याकडे पाहिलं. "कबूल," ते म्हणाले. या वेळी आवाज फोनवरच्यापेक्षा बराच बारीक होता. घडी घालायला त्यांनी पोतं खाली ठेवलं, तेवढ्यात मी त्याचं एक टोक खाऊन टाकलं.

आता मी म्हातारी होत चाललेय. दात झिजलेत, बाभळीच्या शेंगा पूर्वीसारख्या फुटत नाहीत. पत्रे अजून गळतात. पाऊस आला की कलाबाई, मयुरी आणि मी एकाच कोरड्या कोपऱ्यात बसतो. पण गावात आता कुणी वाट्यानं बकरी द्यायला आलं की बाया आधी विचारतात, "डॉक्टरचं काय?" काही मालक चिडून परत जातात. जाऊ द्या. ज्यांना फक्त करडं हवीत त्यांनी आमच्याकडे येऊच नये.

तुमच्याही दारात एखादं मुकं जनावर असेल. ते आडवं पडण्याआधीच ठरवून ठेवा, एवढंच माझं सांगणं. आणि माझी किंमत काय, हे आता कुणी विचारू नये. नारायणरावांनी एक सांगितली होती, व्यापाऱ्याकडून 'काहीतरी'. कलाबाईनं दुसरी दिली. मी तिचीच घेतली.