पंचेचाळीस अंशांचा नळ

दर शरदात नवरा जेर्मुकला गरम झऱ्याचं औषधी पाणी प्यायला, आणि बायको घरी मेंढ्या राखायला! अरुस्याकनं हे दोन वर्षं सोसलं. मनवेलला साखरेचा आजार. डॉक्टर म्हणायचे, साखरेनं पायांच्या रक्तवाहिन्या आतून सुजल्यात, या पाण्यानं सूज ओसरेल. ओसरत असेल बापडी! पण जेर्मुकला माणसं पाण्याच्या नावाखाली जोड्या जमवतात, हे गावात शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. त्यात शेजारीण सांगून गेली, "तुझा मनवेल तिथे एका बाईचा हात धरून फिरतो हो!"

झालं! अरुस्याकच्या डोक्यात तिडीक गेली. दुसऱ्याच दिवशी पिशवीत चीज नि अक्रोड कोंबून तिनं पहिली गाडी पकडली.

झऱ्याच्या लांबलचक ओसरीत लोक चोचीच्या कपातून घोट घोट पीत येरझाऱ्या घालत होते. पंचेचाळीस अंश गरम पाण्याच्या नळापासून मनवेल येत होता, आणि त्याच्या कोपराला चिकटलेली ती! केस रंगवलेले, गळ्यात रेशमी रुमाल. ती हळूच काही सांगायची, की हा मान डोलवायचा. मेला, घरी चार शब्द बोलताना याच्या जिभेला काटे फुटतात!

"काय रे, पाणी भलतंच मानवलेलं दिसतंय!"

मनवेल चपापला. त्या बाईनं हात सोडला तर नाहीच, उलट घट्ट धरला.

"सोड त्याला, सटवे!"

"अहो, पुढे पायरी आहे—"

"मग? आंधळा आहे का तो?" अरुस्याकनं तिचा हात हिसडला.

मनवेलचा पाय पायरीवर वेडावाकडा पडला आणि तो कोसळला. कप फुटला, बूट निघाला. बुटातून एक टोकदार खडा घरंगळला. मोजा रक्तानं भिजला होता.

"सकाळपासून असणार," ती बाई म्हणाली. "त्यांच्या तळव्यांना काही कळत नाही. पायरी आली की मी सांगते."

अरुस्याक त्याच्या पायाशी बसली. "कधीपासून?"

"दोन वर्षं," मनवेल पुटपुटला.

"आणि हिला कधी सांगितलंस?"

"पहिल्याच दिवशी. तू उगाच रडत बसली असतीस."

"लफडं असतं तर परवडलं असतं रे!" तिनं मोजा काढला, पाय मांडीवर घेतला. मनवेलनं मान फिरवली. तळव्यापासून वीतभर वर, हवेतच हात धरून तिनं विचारलं, "इथं दाबलेलं कळतंय?"

"कळतंय की," तो म्हणाला.