समाधानकारक थंडावा

आमदार विधानसभेत प्रश्न विचारतात आणि मंत्री उत्तर देतात, असं आम्हाला शाळेत नागरिकशास्त्रात शिकवलं होतं. मी ते पाठ केलं, पैकीच्या पैकी मार्क घेतले आणि त्यावर विश्वासही ठेवला. मग दोन हजार सहाच्या हिवाळ्यात मंत्र्याचं एक उत्तर माझ्या टाइपरायटरवर तयार झालं. त्याचा प्रश्नही दीड महिन्यापूर्वी त्याच टाइपरायटरवर तयार झाला होता. तेव्हापासून मी नागरिकशास्त्राच्या मास्तरांना नमस्कार करते, पण जरा हसून करते.

आमचं गाव अंजनगाव सुर्जी आणि अकोट यांच्या मधलं. कचेरीची कामं अमरावतीला, सोयरिकी अकोल्याला, आणि बाजार आमचा आमचा. बाजाराच्या तोंडाशी माझ्या वडिलांचं, अब्दुल गफ्फार यांचं, टायपिंगचं दुकान. अब्बांची नजर कमी झाल्यापासून मशिनवर मी बसते. मजकूर अजून तेच सांगतात. बोलतात आमच्यासारखेच, पण लिहायला बसले की त्यांचं मराठी असं सरकारी होतं की तहसीलदारानेही उठून उभं राहावं.

या मराठीचा आमच्या आमदारांना फार उपयोग. आमदार विरोधी पक्षातले. बोलायला तोफ, लिहायचा मात्र कंटाळा. म्हणून दर अधिवेशनाआधी त्यांचा माणूस यायचा आणि अब्बा त्यांचे तारांकित प्रश्न लिहून द्यायचे. कुणाला सांगायचं नाही एवढीच अट. अकरा वर्षं हे चाललं होतं, आणि अकरा वर्षांत सरकारने अब्बांच्या एकाही प्रश्नाला ‘होय’ म्हटलं नव्हतं. ‘हे खरे नाही’ किंवा फारच झालं तर ‘हे अंशतः खरे आहे’. अब्बा छापील उत्तर डोळ्यांजवळ धरून वाचायचे, नीट घडी घालायचे आणि पुढचा प्रश्न लिहायला घ्यायचे. असा सोशिकपणा माझ्यात नाही. मी आईवर गेले आहे.

त्या वर्षीचा प्रश्न आमच्या दारासमोरचाच होता. भाजीबाजारात पूर्वी चौदा ओटे होते, वर टिनाची सावली. ते पाडून सरकारने शीतगृह बांधलं. त्या वर्षांत वऱ्हाडात दुसरं काही पिको न पिको, योजना आणि समित्या भरघोस पिकत होत्या. रोज पांढऱ्या गाड्या यायच्या, आमचं दुःख विचारायच्या आणि धूळ उडवत निघून जायच्या. शेतकऱ्यांच्या आत्महत्या वाचवत नसत, पेपर उघडायची मला भीती वाटायची. अशाच एका योजनेतून ही इमारत आली. फीत कापली, पेढे वाटले, आणि वीज काही आली नाही; सरकारी इमारत म्हणून ओसरीवर बसायलाही बंदी. चौदा बाया रस्त्याच्या कडेला उन्हात बसू लागल्या, त्याला अडीच वर्षं झाली होती.

त्यांतली माणिकबाई माझ्या बरोबर समोर बसायची. साठीच्या पुढची, डोक्यावर ओला टॉवेल, समोर पालक, मेथी आणि सांबार, म्हणजे तुमची कोथिंबीर. मे महिन्यात ती दोनदा चक्कर येऊन पडली. दुसऱ्यांदा पडली तेव्हा मी तिला दुकानात आणून पंख्याखाली निजवलं, आणि लोडशेडिंगने पंखाही बंद पडला. शुद्धीवर आल्यावर ती मला म्हणाली, “पोरी, मले शीतगृह नाही पाह्यजे. माह्या बुडाखाली माहा ओटा पाह्यजे अन डोक्यावर सावली. आणखी एक उन्हाळा नाही निघाचा माह्याच्यानं.”

अब्बांनी ते दुकानामागच्या पडद्याआडून ऐकलं आणि ऑक्टोबरात तीन भागांचा प्रश्न लिहिला. शीतगृहास उद्घाटनापासून वीजजोडणी मिळालेली नाही, हे खरे आहे काय. असल्यास, भाजीविक्रेत्या महिलांना रस्त्यावर बसावे लागत आहे, हे खरे आहे काय. असल्यास, विलंबाची कारणे काय आहेत. मी तीन प्रती काढल्या, आणि प्रश्न गेला.

नोव्हेंबरच्या शेवटी, भर दुपारी बारा वाजता, वामनराव दुकानात आले. शीतगृह ज्या खात्याचं, त्याचं दोन खोल्यांचं उपकार्यालय आमच्या गावात आहे. खातं कोणतं ते सांगत नाही, त्यातली माणसं अजून नोकरीत आहेत. साहेब अमरावतीला बसायचे. गावात कारकून वामनराव एकटे, निवृत्तीला अकरा महिने राहिलेले, स्वभावाने इतके गरीब की ऑफिसच्या दारातली गायसुद्धा ते “अहो, सरका” म्हणून उठवायचे.

“नईमा, अर्जंट हाय. लाइन गेली अन कॉम्प्युटर बंद. साडेचारच्या बसनं अमरावतीले पोचवाचं हाय, साहेब रातच्याले फॅक्स करून राहिले.” त्यांनी हाताने लिहिलेला कागद पुढे ठेवला. वर लाल शाईने ‘विधानसभा प्रश्न – तात्काळ’.

मी वाचलं. प्रश्न आमचाच. मुंबईहून आयुक्तालय, तिथून जिल्हा, जिल्ह्याहून उपकार्यालय असा पायऱ्या उतरत तो पुन्हा आमच्या उंबरठ्यावर आला होता. खाली उत्तर होतं:

(१) हे खरे नाही. (२) मा. मंत्री महोदयांच्या सल्लागारांनी प्रत्यक्ष पाहणी केली असता शीतगृहात समाधानकारक थंडावा आढळून आला. (३) प्रश्न उद्भवत नाही.

“काका, हे कोणी लिहिलं?”

“साहेबानं फोनवर सांगतलं, मी उतरून घेतलं.”

“सल्लागार कधी आले होते?”

“ते... जानेवारीत. संक्रांतीच्या दिवशी. सकाळी साडेसहाले.”

वऱ्हाडात संक्रांतीच्या सकाळी साडेसहाला चुलीतही समाधानकारक थंडावा आढळतो. मी हे मोठ्याने बोलले. पडद्याआड अब्बा खोकले. तो खोकला मला ओळखीचा आहे. त्याचा अर्थ, तोंड आवर. प्रश्न आमचा हे सांगायचं नव्हतं, आणि गिऱ्हाइकाचा मजकूर बदलायचा नाही हाही अब्बांचा कायदा. एक काना बदलला तरी ते मला जेवायला घालणार नाहीत.

पण अब्बांचा आणखी एक कायदा होता. फार पूर्वी एकाने भावाविरुद्ध अर्ज टाइप करून घेतला आणि कोर्टात म्हणाला, हे मी लिहिलंच नाही, टायपिंगवाल्याने मनाने घातलं. तेव्हापासून आमच्या दुकानात हाताने लिहिलेल्या मसुद्याखाली गिऱ्हाइकाने ‘वाचले, बरोबर आहे’ असं लिहून सही करायची आणि तो कागद आमच्या फायलीत राहायचा. वामनरावांनी अशा शेकडो सह्या केल्या होत्या.

मी पेन पुढे केलं. “करा सही.”

वामनरावांनी पेन घेतलं, टोपण काढलं, लावलं, परत काढलं. “साहेबाचा मजकूर हाय, मी काहून सही करू?”

“मग साहेबांना विचारा.”

ते समोरच्या एसटीडीवर गेले. काचेतून दिसत होतं, अर्धा वेळ ते नुसती मान हलवत होते. परत आले. “साहेब म्हणते, मी काहून करू, अहवाल सल्लागाराचा हाय. सल्लागाराले विचारावं तं तो मुंबईले.”

“म्हणजे मंत्री सभागृहात जे वाचणार, ते एकालाही आपलं म्हणवत नाही,” मी म्हणाले. मला खरंच राग आला होता. समोर माणिकबाई पालकावर पाणी शिंपडत होती आणि मधूनच तेच पाणी स्वतःच्या मानेवर लावत होती. “काका, शीतगृहाची किल्ली कोणाकडे आहे?”

वामनरावांनी खिशातून जुडगा काढला आणि त्याच्याकडे असे पाहू लागले, जणू तो कोणी त्यांच्या खिशात टाकला होता. “माह्यापाशीच हाय.”

“किती वेळा उघडलं?”

“एकदा. संक्रांतीले.”

“मग आता पाहून या. थंडावा असला तर सही करा, मी पाच मिनिटांत टाइप करते.”

आम्ही तिघं गेलो, वामनराव, मी आणि मागून न बोलावता माणिकबाई. कुलपात तेल घालावं लागलं. दार उघडताच आतून जी वाफ आली, ती तोंडावर घेऊन वामनराव दोन पावलं मागे सरले. मीटरची पेटी होती, आत मीटर नव्हता. चिमण्यांनी घर केलं होतं. माणिकबाईने पदराआडून सांबाराची एक जुडी काढली आणि खोलीच्या मधोमध फरशीवर ठेवली.

“राहू द्या साहेब. तीन वाजता येऊन पाहू. तुमच्या सल्लागाराले थंडी वाजते का माह्या सांबाराले, समजूनच जाईन.”

वामनराव तीन वाजेपर्यंत आमच्या बाकावर बसून राहिले. चहा घेतला नाही. एकदा म्हणाले, “अकरा महिने राह्यले वं माहे.” मला त्यांची कीव येत होती आणि त्या कीवेचाही राग येत होता.

तीन वाजता जुडी पाहिली. तिने फरशीवर अंग टाकून दिलं होतं. सांबाराला तेवढं समजतं. वामनराव खाली वाकले, काड्या गोळा केल्या, परत माणिकबाईच्या हातात दिल्या. मग दुकानात येऊन त्यांनी कोरा कागद मागितला.

(१) होय, हे खरे आहे. (२) होय, हे खरे आहे. सल्लागारांची पाहणी दि. १४ जानेवारी रोजी सकाळी साडेसहा वाजता झाली असून त्या वेळचा थंडावा नैसर्गिक होता. (३) वीजजोडणीसाठीचा अर्ज या कार्यालयाकडून करावयाचा राहून गेला.

खाली ‘वाचले, बरोबर आहे’. आणि सही, पूर्ण नावाची, तारखेसकट.

मी टाइप करताना एकही चूक केली नाही, आणि टाइप केलेल्या प्रतीवरही वामनरावांनी सही केली. पडद्याआडून हरकत आली नाही. खोकलासुद्धा नाही.

पुढचं सगळं घाईने झालं, आणि त्या घाईनेच आम्हाला तारलं. अमरावतीला साहेब फॅक्सपाशी घड्याळ पाहत उभे होते. त्यांनी उत्तर आलं आणि खाली सही आहे एवढंच पाहिलं. त्यांच्या वरच्यांनी ‘सादर’ लिहिलं. त्यांच्या वरच्यांनीही ‘सादर’ लिहिलं. नागपूरला अधिवेशनात आमचा प्रश्न त्या दिवशी चौथा लागला, आणि मंत्री महोदय उभे राहून भरल्या सभागृहात वाचू लागले: होय, हे खरे आहे. म्हणतात की आमच्या आमदारांची पंचाईत झाली. त्यांनी ‘नाही’ या उत्तरावर भांडायची तयारी केली होती, ‘होय’वर काय बोलावं ते सुचेना. मग पुढची ओळ आली आणि दोन्ही बाजूंचे लोक बाकं वाजवून हसले. सल्लागारांना पाहणीला नेहमी पहाटेच पाठवता काय, असं कोणीतरी विचारलं. अध्यक्षांनी शांत राहायला सांगितलं, पण म्हणतात, तेही हसत होते. एका महिन्यात वीज देऊ असं आश्वासन मंत्र्यांनी दिलं. सल्लागारांनी तब्येतीच्या कारणाने राजीनामा दिला.

महिना गेला. वीज आली नाही. छापील उत्तराची प्रत मात्र आली. मी ती माणिकबाईला वाचून दाखवली. ‘होय’ दोनदा वाचायला लावलं तिने.

“म्हणजे सरकार कबूल हाय, का हे बंद हाय?”

“हो, मावशी.”

“मंग बंद घराच्या ओसरीवर बसाले कोणाची ना हाय?”

पुढच्या बाजाराला चौदा बायांनी शीतगृहाच्या ओसरीवर पोती अंथरली. रुंद ओसरी, उत्तरेला तोंड, दिवसभर सावली. बाजाराचा ठेका असलेले खुशालराव तरातरा आले. “उठा! सरकारी शीतगृह हाय हे.”

“नाही जी,” माणिकबाई मेथी निवडत म्हणाली. “तुमाले मालूम नाही वाटते. इथी शीतगृह नाही, असं मंत्री नागपुरात बोलून राह्यले. नईमा, वाच वं.”

मी ओसरीच्या पायरीवर उभी राहून वाचलं, तिन्ही भाग, खड्या आवाजात. बाजार थांबून ऐकत होता. खुशालरावांनी कागद मागितला, उलटा-सुलटा पाहिला, परत दिला, आणि जाताना पावशेर पालक घेऊन गेले. मला इतका आनंद झाला की मी दुकानात जाऊन मशिनवर नुसतीच बोटं आपटली.

आनंद आठवडाभर टिकला. मग वामनरावांच्या बदलीचा हुकूम आला. धारणी. मेळघाटात, शेवटच्या नऊ महिन्यांसाठी.

निघायच्या दिवशी ते पेटी घेऊन ओसरीवर बसची वाट पाहत बसले होते. अब्बा माझा हात धरून रस्ता ओलांडून गेले. अकरा वर्षं पाळलेलं गुपित त्यांनी तिथे सगळ्यांसमोर मोडलं. “वामनराव, मले माफ करा. तो प्रश्न माहाच होता. तुमी न समजता माह्याच दुकानात आले, अन आमी तुमाले अडकवलं.”

वामनराव थोडे हसले.

“गफ्फारभाई, वीस वर्सं तुमच्या हातचे कागद वाचून राह्यलो. तुमचा प्रश्न मी वळखणार नाही काय? अंजनगावात तीन टायपिंगवाले हायेत. बस अर्ध्या तासाची. तिथी कोणी सही मागत नाही.”

अब्बांनी त्यांचा हात हातात घेतला. आम्हाला वाटत होतं त्यांना आम्ही पकडलं, आणि ते बिचारे स्वतःहून पकडून घ्यायला आले होते.

बस आली. माणिकबाईने पिशवीभर वांगी, मेथी आणि सांबार त्यांच्या पेटीवर ठेवलं. ते नको नको म्हणत राहिले. “घ्या जी, धारणीले चांगली भाजी भेटत नाही म्हणते,” ती म्हणाली, आणि त्यांच्यासाठी चौदाही बाया सावलीतून उठून उन्हात उभ्या राहिल्या.